मोडीच्या सर्टिफिकेटला ग्रेड हवी की नुसतं 'उत्तीर्ण'?

टाकबोरू (धागाकर्ता):
विद्यापीठाच्या विभागात चालणारा मोडी लिपीचा सहामाही सर्टिफिकेट कोर्स डोळ्यांसमोर ठेवा. समजा तो ४ क्रेडिटचा (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) आहे. एकाच बाकावर निवृत्त तलाठी, वकील आणि बी.ए.चं पोरगं बसलेलं. पहिल्या दोघांना जुना मोडी कागद वाचता आला की काम झालं. पोराला मात्र हे ४ क्रेडिट पदवीत धरून हवेत. वाद इथे सुरू होतो.

माझं मत: क्रेडिट पूर्ण द्या, पण निकाल 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' एवढाच लावा आणि सीजीपीएत (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) धरू नका. गणित सोपं आहे. सेमिस्टरला २२ क्रेडिट, त्यातल्या १८ ना सरासरी ८ ग्रेड पॉइंट, म्हणजे १४४. मोडीत बी ग्रेड (६) पडली तर २४ मिळवा. १६८ भागिले २२, एसजीपीए (त्या एका सेमिस्टरची सरासरी) ७.६४. मोडी घेतलीच नसती तर सरळ ८. नवी लिपी शिकायला गेला म्हणून पोराला दंड. मग पोरं काय करतात? जिथे ओ ग्रेड (सगळ्यात वरची) हमखास पडते तो सोपा विषय उचलतात.

शिरोरेषा:
साफ असहमत. तुम्ही एकाच सेमिस्टरचं गणित मांडलंत, पुढचं सोडून दिलंत. तीन वर्षांचे १३२ क्रेडिट धरा. १२८ ना ८ आणि ४ ना ६, म्हणजे १०४८ भागिले १३२, येतात ७.९४. सहा शतांशांसाठी मोजमापच नको म्हणता?

शिवाय मोडी १३२ च्या आत आहे की वर, हे आधी ठरवा. ओपन इलेक्टिव्हच्या (मुख्य विषयाबाहेरचा, आवडीने निवडायचा पेपर) जागी घेतली असेल तर ती आत आहे, आणि आतल्या ४ क्रेडिटना ग्रेड नको म्हणणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. शेजारचा मुलगा त्याच जागी अर्थशास्त्राचा पेपर देतोय, त्याला सी पडली तर ती धरायची ना? वर घेतली असेल तर गुणपत्रकावर 'अतिरिक्त क्रेडिट' म्हणून वेगळ्या रकान्यात जाऊ द्या. तिथे सीजीपीएचा प्रश्नच येत नाही.

टाकबोरू:
आत-बाहेरचा मुद्दा मान्य. पण आत असली तरी मोडीचं मोजमाप अर्थशास्त्रासारखं होतं का? पेपर तपासणाऱ्याला विचारा. एक जण प्रत्येक चुकलेल्या अक्षराला अर्धा गुण कापतो, दुसरा अर्थ लागला की पूर्ण गुण देतो. अशा ७२ आणि ६४ मध्ये खरा फरक किती?

रुमाल नं. १४:
तपासणीत घोळ होतो हे खरं, पण तो ग्रेडमुळे होत नाही, निकष लिहून न ठेवल्यामुळे होतो. एक उदाहरण बघा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग शब्द न तोडता सलग लिहीत जातात. उताऱ्यात 'त्यासनदेता' आलं. विद्यार्थी लिप्यंतर करतो 'त्या सनदे ता…' आणि पुढे सनदेबद्दल काहीतरी असेल म्हणून वाक्य जुळवतो. अक्षर एकही चुकलेलं नाही. पण मूळ आहे 'त्यास न देता'. नकार गेला, कागदाचा अर्थ उलटला. अक्षरं मोजणारा परीक्षक इथे पैकीच्या पैकी देणार!

आता उलट बाजू. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. विद्यार्थ्याने 'किल्ला' ऐवजी 'कील्ला' उतरवला तर गुण कापणं चूक आहे, तरी कापले जातात.

तेव्हा १०० गुणांची विभागणी अशी करा. वळणदार छापील मोडीचा उतारा १५. मूळ पेशवेकालीन कागदाच्या फोटोप्रतीचा उतारा ३५, त्यातले १५ फक्त शब्द तोडण्याला आणि नकार, रक्कम, नावं बरोबर येण्याला. देवनागरीतून मोडी १५. कालगणना १५. न पाहिलेल्या कागदाचं तोंडी वाचन २०. दोन परीक्षकांनी सुट्टं सुट्टं तपासायचं आणि १० पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे.

कालगणनेला १५ कशाला, असं कुणी म्हणेल. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे ५ + ७० + १०० + १०००, सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी अंकनावांनी लिहिलेली कालगणना) ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४ (जानेवारी ते मेमधला कागद असेल तर ६००). 'सबैन'चं (७०) 'सितैन' (६०) वाचलं की १० वर्षांची चूक. एकीकडे थोरले माधवराव गादीवर, दुसरीकडे सवाई माधवरावांचा जन्म झालेला. हे ज्याला जमतं आणि ज्याला जमत नाही, दोघांच्या कागदावर नुसतं 'उत्तीर्ण' छापणार?

शिरोरेषा:
अगदी. आणि हा कागद बघणारा फक्त विद्यापीठातला नसतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज किती आहे ते सगळ्यांना दिसलं. जुन्या महसुली दप्तरात एका आडनावाचं वाचन चुकलं तर कुणाचा तरी दाखला अडतो. नेमणूक करणाऱ्याला ४१ वाला आणि ८८ वाला वेगळे दिसायलाच हवेत.

ऑर्डिनन्स:
दोघंही एकूण गुणांवरच भांडताय. खरी मेख वेगवेगळ्या भागांत पास होण्यात आहे. एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) नियम बघा: असाइनमेंटला २५, केंद्रावरच्या परीक्षेला ७५, आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० स्वतंत्रपणे लागतात. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेत २९ मिळाले तर बेरीज ५४, तरी प्रमाणपत्र नाही. पोरं ओरडतात, पण नियम योग्य आहे. घरून केलेल्या कामाच्या जोरावर परीक्षा तरून जाता कामा नये. मोडीत तर वहीतले गृहपाठ अनेकदा एकमेकांचे बघून उतरवलेले असतात. रुमाल यांच्या विभागणीत मूळ कागद आणि तोंडी वाचन मिळून ५५ होतात. त्यात निदान २५ हवेतच, बाकी बेरीज काहीही असो.

दुसरं, तास. श्रेयांकाच्या नियमात तासिकेचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे १. मोडीत २ क्रेडिट तासिका आणि २ क्रेडिट वाचनाचा सराव धरला तर ३० + ६० = ९० तास होतात. शनिवार-रविवार दोन-दोन तास घेतले तर २२-२३ आठवडे लागतात, सहा महिन्यांत जेमतेम बसतं. गणपती-दिवाळीत चार शनिवार-रविवार गेले की वांधे. चाळीस तास शिकवून चार क्रेडिट लिहिणं ही शुद्ध फसवणूक आहे, मग ग्रेड द्या नाहीतर देऊ नका.

टाकबोरू:
भागवार पासची अट मला पटली. मग त्या ५५ मधल्या २५ वर 'उत्तीर्ण' द्या ना, ग्रेड कशाला हा माझा प्रश्न तसाच उरतो.

सहामाही:
मधे बोलतो. ग्रेडपेक्षा मोठा खड्डा वेगळाच आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं डिजिटल खातं) २०२१ च्या विनियमांत असं आहे की पदवी, पदविका, प्रमाणपत्र मिळवण्यासाठी क्रेडिट एकदा वटवले की ते खात्यातून कायमचे वजा होतात. म्हणजे पोराने ४ क्रेडिटवर मोडीचं स्वतंत्र सर्टिफिकेट घेतलं आणि त्याच क्रेडिटवर बी.ए.चं ओपन इलेक्टिव्हही दाखवलं, तर एकच नाणं दोनदा चालवणं झालं. प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या: सर्टिफिकेट हवं की पदवीत क्रेडिट. हौशी लोकांना फरक पडत नाही, पदवीच्या पोरांना पडतो.

आणि क्रेडिट जमा संस्थाच करते, विद्यार्थ्याला स्वतःला भरता येत नाहीत. आधारवरचं नाव आणि निकालावरचं नाव जुळलं नाही की नोंद लटकते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे सर्रास होतं. निकाल लागण्याआधी अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) तपासून घेणं हे विभागाच्या कारकुनाचं अर्ध्या तासाचं काम आहे.

शिरोरेषा:
हा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. पण त्यातूनही माझंच म्हणणं पुढे जातं. पदवीत क्रेडिट निवडलं तर ग्रेड लावा, कारण ती पदवीची जागा आहे. सर्टिफिकेट निवडलं तर कागदावर गुण छापा, 'उत्तीर्ण' नको.

टाकबोरू:
गुण छापा, चालेल. पदवीतल्या ग्रेडला माझा विरोध कायम आहे. निदान पहिल्या वर्षी परीक्षकांच्या तपासणीत किती फरक पडतो ते नोंदवा आणि मग ठरवा. पंधरा जणांच्या वर्गात सात-आठ वह्या तिसऱ्या परीक्षकाकडे जायला लागल्या तर त्या ग्रेडवर सीजीपीए उभा करू नये.

रुमाल नं. १४:
तेवढ्या वह्या गेल्या तर निकषपत्रिकाच पुन्हा लिहावी लागेल. तिसरा मोडी जाणणारा परीक्षक आणायचा कुठून, ते मात्र कुणीतरी सांगा. तालुक्याच्या गावी पहिला मिळायची मारामार.