युरिक आम्लाचा मुतखडा : रात्रीच्या लघवीच्या पीएचबाबत मदत हवी आहे

माझ्या मूत्रपिंडातून पडलेल्या खड्याच्या तपासणीत तो पूर्णपणे युरिक आम्लाचा असल्याचे निष्पन्न झाले, मात्र रक्तातील युरिक आम्ल सामान्य मर्यादेत आहे. लघवीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 5.5 च्या खाली राहिला की युरिक आम्ल नीट विरघळत नाही आणि त्याचे स्फटिक बनतात, त्यामुळे रक्तातील प्रमाण सामान्य असूनही असा खडा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे. साध्या एक्स-रेमध्ये हे खडे सहसा दिसत नसल्याने सोनोग्राफी केली असून, उजव्या बाजूला अजून एक लहान खडा आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटॅशियम सायट्रेट (लघवीचा पीएच वाढवणारे औषध) दिवसातून दोनदा, जेवणानंतर सुरू आहे आणि पाणीही भरपूर पितो. लघवी तपासण्याच्या पट्टीवर दुपारी पीएच 6.5 दिसतो, पण पहाटेच्या पहिल्या लघवीत तो 5.5 च्या वर जात नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) व रक्तातील पोटॅशियम सामान्य आहे; मधुमेह किंवा गाउट (युरिक आम्लामुळे होणारा सांध्यांचा आजार) नाही. सरसकट मात्रा वाढवण्यास मी कचरतो, कारण पीएच 7 च्या पुढे गेल्यास कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याचा धोका असतो.

पुढील भेटीत डॉक्टरांशी बोलणारच आहे. तोवर अनुभवी सदस्यांनी सांगावे, की एकूण मात्रा तीच ठेवून तिचा मोठा भाग झोपण्यापूर्वी घेतल्याने पहाटेचा पीएच 6 च्या वर राहतो का?