प्रभुभोजनाच्या रांगेत शेजारी त्याच मावशी असतात

तापीकाठची, भुसावळ:
सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत भगिनी मंडळाचा हिशेब आई अकरा वर्षं ठेवायची. ती आजारी पडली आणि एका मावशींनी भर बैठकीत म्हटलं, "सातशे रुपये लागत नाहीत." पुढे वही सापडली, पैशाला पैसा जुळला, पण तोवर आई गेली होती. माफीचा शब्द नाही. आणि याच मावशींनी आई अंथरुणावर असताना दोन महिने पहाटे उठून आमचा डबा केला, हेही खरं. यंदा नाताळच्या भरितासाठी बामणोदची वांगी त्यांच्याच अंगणात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायची आहेत. जाऊ का? महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या आठवणीत घेतो ती प्रभुभोजनाची भाकर घशाखाली उतरत नाही.

अमळनेरकर:
ताई, जा. बायबलमधल्या मत्तय 18:15 मध्ये दुखावलेल्याने एकांतात जायचं आहे. मत्तय 5:23-24 मध्ये ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्याने अर्पण वेदीपाशी ठेवून निघायचं आहे. म्हणजे दोघांनीही निघायचं. आधी कोण, याची वाट बघण्यात माझ्या दोन काकांची नऊ वर्षं गेली. एकच चर्च, पण एक पहिल्या बाकावर, दुसरा दाराशी. धाकटे गेले तेव्हा थोरले फार रडले.

एक भाऊ, धुळे:
त्या डब्यातच त्यांची माफी असेल. आपल्याकडे मोठी माणसं तोंडाने कुठे मागतात?

नवापूरची ताई:
डबा वेगळा, माफी वेगळी. आईचं नाव बैठकीत गेलं, ते बैठकीतच परत यायला हवं. प्रेमापोटी हे गिळून टाकू नका. पौलाच्या पत्रातलं फिलिप्पै 4:2-3 वाचा. युवदीया आणि सुंतुखे, दोघी सुवार्तेसाठी झटलेल्या. पौल दोघींना नावं घेऊन विनवतो आणि सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो. पाळकीणबाईंना आधी सांगून ठेवा, एकटीने जमलं नाही तर त्या येतील.

तापीकाठची, भुसावळ:
एकटीच जाऊन आले. वही पिशवीत होती. वांग्यांची सालं काढता काढता म्हटलं, "मावशी, आईचं एवढं बघा." त्या हात धुऊन चष्मा घेऊन आल्या आणि पानन् पान पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं, बाई." जानेवारीच्या बैठकीत स्वतः सांगते म्हणाल्या. वही आत्ता त्यांच्याकडेच आहे.