शाळेच्या पडवीच्या आराखड्यात मुलांना कसे सामील करून घ्यावे?

प्रश्न (दापोली):
आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेची पडवी आणि अंगण नव्याने बांधायचे आहे. आराखड्यापूर्वी तिसरी-चौथीच्या मुलांचे म्हणणे समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. परंतु कोणताही प्रश्न विचारला की मुले गुरुजींकडे पाहतात आणि "छान आहे" एवढेच म्हणतात. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी दिली, तर बहुतेकांनी सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावरच खूण केली. त्यांचे खरे मत कसे कळेल?

उत्तर (रत्नागिरी):
लहान मुले पट्टीवरचा सर्वांत हसरा चेहराच निवडतात, हे ही पद्धत विकसित करणाऱ्या जॅनेट रीड आणि स्टुअर्ट मॅकफार्लेन यांनाही आढळले होते. म्हणून गुण मागण्याऐवजी तीन-चार नमुने समोर ठेवून त्यांचा आवडीनुसार क्रम लावायला सांगावे. मात्र आधी मुलांची भूमिका ठरवावी. अ‍ॅलिसन ड्रुइन यांनी २००२ साली, मुलांसाठीच्या तंत्रज्ञानाच्या आखणीबाबत लिहिताना, अशा चार भूमिका मांडल्या: वापरकर्ता, चाचणी घेणारा, माहिती देणारा आणि आराखड्यातील भागीदार. काम माहिती घेण्यापुरतेच असेल, तर मुलांना भागीदारीची आशा दाखवू नये.

उत्तर (मालवण, प्राथमिक शिक्षिका):
वर्गात बसवून विचारलेला प्रश्न मुलांना परीक्षेसारखाच वाटतो. त्यापेक्षा पावसाळ्यात त्यांच्याबरोबर वाडीपासून शाळेपर्यंत चालत जावे. साकवावर पाय कुठे घसरतो, पागोळ्यांचे पाणी कोणत्या दारात पडते, ओल्या छत्र्या ठेवायला जागा नसल्याने दप्तरे कशी भिजतात, हे सारे मुले न विचारता दाखवतात, आणि आराखड्याला उपयोगी पडणारी माहिती नेमकी हीच असते. दोघा-तिघांचे गट करून माती, कामट्या आणि झावळ्या हाती द्याव्यात. शिक्षकांनी दिसेल इतक्या अंतरावर थांबावे, पण बोलणे ऐकू येईल इतके जवळ नको. आमची मुले मालवणीत मोकळी होतात, तुमच्याकडची त्यांच्या घरच्या बोलीत होतील. टिपून घेताना त्यांचे शब्द प्रमाणभाषेत बदलू नयेत.

उत्तर (गुहागर):
संमतीचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा. आपल्याकडे अनेक मुलांचे आईवडील मुंबईत असतात आणि मूल आजीपाशी वाढते. अशा वेळी आजीला सगळे समजावून सांगावेच, पण आईवडिलांशीही फोनवर बोलावे. मुलांची छायाचित्रे किंवा आवाज संगणकावर साठवणार असाल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क कराराचे बारावे कलम मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार आणि समजेनुसार महत्त्व देण्यास सांगते. त्यामुळे पालक हो म्हणाले तरी मूल नको म्हणाले, तर तिथेच थांबावे.

प्रश्नकर्ता (दापोली):
आपणा सर्वांचे आभार. पाया आणि छप्पर अभियंत्यांनी ठरवलेले आहे, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगेन. बसण्याच्या कट्ट्याची उंची, छत्र्यांची जागा आणि पाय धुण्याची जागा हे तीन निर्णय मात्र त्यांच्याबरोबर घेईन, आणि त्यांची जी सूचना स्वीकारता येणार नाही तिचे कारण त्यांना वर्गात येऊन सांगेन.