बंद दगडखाणीत मोटारसायकल ट्रायल्स: सेक्शन कसे आखायचे, एक्सपल्स कशी तयार करायची?

कराडचा_मुरूम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कराड-पाटण पट्ट्यात एक बंद पडलेली दगडखाण आणि तिला लागून दोन एकर मुरमाड माळ स्पर्धेसाठी मिळतोय. जमीन खाजगी आहे, मालक तयार आहे. नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवसाची ट्रायल्स घ्यायचा विचार आहे. वेगाची शर्यत नाही, पाय न टेकता सेक्शन, म्हणजे फितींनी आखलेला अवघड वाटेचा तुकडा, काढायचा खेळ.

रायडर २५ च्या आसपास असतील. बहुतेकांकडे हिरोची एक्सपल्स २००, चार-पाच जुन्या इम्पल्स, दोन आरएक्स १००, आणि एकाकडे बाहेरून आणलेली बेटा टू-स्ट्रोक. एवढ्या माणसांना किती सेक्शन, किती फेऱ्या पुरतील? टप्प्यांची (पायरीसारख्या दगडी चढांची) उंची किती ठेवावी? ट्यूबच्या टायरमध्ये हवा किती? शिवाय सरावात एक्सपल्सचा क्लच अर्ध्या तासात सुटायला (घसरायला) लागतो, त्यावर काय करायचं? गुणांचे नियम इंटरनेटवर वाचलेत, पण ऑब्झर्वर म्हणून सेक्शनवर गुण द्यायला बसणाऱ्या पोरांना नेमकं काय सांगायचं ते कळत नाही.

---

कातळवाट

आधी गणित मांडा. ८ सेक्शन, ३ फेऱ्या. म्हणजे प्रत्येक सेक्शनवर २५ गुणिले ३, ७५ वेळा गाडी जाणार. एका गाडीला आत सुमारे एक मिनिट, गुण लिहून पुढची गाडी सोडायला आणखी एक. १५० मिनिटं झाली. रांगा, चालत जाऊन सेक्शन बघणं आणि अडकलेल्या गाड्या ओढणं धरलं तर चार तास. सकाळी साडेनऊला सुरू केलं तर दोनच्या आत आटोपतं. १० सेक्शन आणि ४ फेऱ्यांचा मोह पहिल्या वर्षी नको.

सगळ्यांना सेक्शन १ पासून सोडू नका, तिथेच तासभर रांग लागते. प्रत्येक सेक्शनवर तीन-तीन जण उभे करा, शिट्टीला आठही ठिकाणी एकदम सुरुवात करा आणि पुढे क्रमाने फिरू द्या.

आता उंची. व्हिडिओत टोनी बू खांद्याएवढ्या दगडावर चढतो ते बघून सेक्शन आखाल तर दुपारपर्यंत ॲम्ब्युलन्स भरेल. तो माणूस २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता विश्वविजेता आहे आणि त्याच्या गाडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास. एक्सपल्स दीडशेच्या वर जाते, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. त्यामुळे नवख्यांच्या वाटेवर उभा टप्पा २० सेंमीच्या वर नको. अनुभवींना ३० ते ३५, तोही टप्प्याच्या आधी किमान दीड गाडीची सरळ जागा असेल आणि इंजिनखाली धड प्लेट असेल तरच.

माझं ठाम मत: सेक्शन उंचीने अवघड करू नका, वळणाने करा. आडव्या उतारावर, सुट्या मुरमात, हँडल पूर्ण मारून घ्यावं लागणारं वळण दिलं की चांगला रायडर शून्यात (एकदाही पाय न टेकता) जातो, मधला एक-दोनदा पाय टेकतो, नवखा तीन घेऊन बाहेर येतो. पडला तरी जागच्या जागी पडतो. हाच निकाल टप्प्याने काढायला गेलात तर निम्म्यांना पाच, म्हणजे सेक्शन फसल्याचे गुण, मिळतात आणि गुणपत्रिकेवर फरकच दिसत नाही. सगळ्यांना शून्य किंवा सगळ्यांना पाच, दोन्ही सेक्शन वायाच.

एकाच सेक्शनमध्ये दोन वाटा काढा. सुरुवात आणि शेवट एकच, मधले बाण वेगळ्या रंगाचे. अनुभवींना निळे, नवख्यांना पांढरे. लांबी २५ ते ४० मीटर. फितींमधली रुंदी सव्वा मीटरच्या खाली कुठेही नको, एक्सपल्ससाठी दीड ते दोन मीटर बरी. शेवटच्या फाटकानंतर चार-पाच मीटर सपाट जागा हवीच, सुटलेली गाडी थांबवायला.

खाणीतल्या दगडाबद्दल दोन गोष्टी. फोडलेल्या काळ्या पाषाणाची कड सुरीसारखी असते, टायरची बाजू फाटते आणि गुडघाही. वाटेवरच्या कडा घणाने मोडून घ्या. आणि प्रत्येक दगडावर स्वतः उभं राहून दोन्ही पायांनी हलवून बघा. डुगडुगला तर पहारीने फिरवून बसवा, खाली चिपा आणि मुरूम ठोका. पाच गाड्या गेल्यावर सरकणारा दगड सकाळी घट्टच वाटतो.

खाणीच्या उभ्या भिंतीपासून तिच्या उंचीएवढं अंतर सोडून सेक्शन ठेवा. भिंतीत किंवा तळाला सुरुंगाची जुनी भोकं, वायरी, नळ्या दिसल्या तर हात लावू नका, तो भाग पूर्ण वगळा आणि पोलिसांना कळवा. न उडालेली दारू राहिलेली असू शकते. पाण्याच्या खड्ड्याला दोरी पुरत नाही, माणूस उभा करा.

खुंट्या बांबूच्या, सळईच्या कधीच नाहीत. पडलेला रायडर सळईवर गेला तर काय होतं ते सांगायला नको. कातळावर खुंटी बसत नाही तिथे खडीने भरलेल्या पोत्याला फीत बांधा. फीत जमिनीपासून ३० सेंमीवर, म्हणजे चाकाने तोडली की लगेच दिसते. वाट दाखवायला फक्की मारा, ऑइलपेंट नको. दुसऱ्या दिवशी खाण होती तशी दिसायला हवी.

---

पाना_नंबर_दहा

गाड्यांचं मी सांगतो.

हवा. बेटासारख्या खऱ्या ट्रायल्स गाडीला मागे ट्यूबलेस ४.००-१८ टायर असतो, तिथे ४ ते ५ पीएसआय, पुढे ६ च्या आसपास. हा आकडा एक्सपल्सला लावू नका. ट्यूब आहे, वजन दुप्पट आहे, पाषाणाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. रिमलॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लँप) असेल तर मागे १० ते १२, पुढे १२. रिमलॉक नसेल तर १५ च्या खाली येऊ नका, टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. रिमलॉक घेताना रिमवर कोरलेला रुंदीचा आकडा बघा, १.८५ किंवा २.१५ असा असतो, त्याच मापाचा घ्या.

व्हॉल्व्हच्या बुडाचा नट रिमला टेकवून आवळू नका. तो वर, टोपणाजवळ नेऊन ठेवा. मग टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि ट्यूब फाटायच्या आधी कळतं. नट आवळलेला असेल तर तिरका व्हायला वावच नाही, थेट तुटतो.

पंक्चरवाल्याकडच्या गेजवर १० च्या खालचं काही खरं नसतं. ० ते १५ चं वेगळं गेज आणा, सगळ्यांना एकच पुरतं. आणि घरी जाताना कंपनीने सांगितलेली हवा भरल्याशिवाय कोणी डांबरी रस्त्याला लागायचं नाही. पंप तिथेच ठेवा.

क्लच. अर्ध्या तासात सुटतो म्हणजे प्लेटी गेल्याच असं नाही. ट्रायल्समध्ये क्लच सतत अर्धा दाबलेला असतो. तेल तापतं, प्लेटी घासून झिजतात, केबलचा ढिलेपणा संपतो. मग लिव्हर सोडलं तरी क्लच पूर्ण बसत नाही, सुटत राहतो, आणखी तापतो. म्हणून थंड गाडीला लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी मोकळी हालचाल ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर तपासा. कमी झाली असेल तर हँडलवरच्या ॲडजस्टरने तिथल्या तिथे परत आणा. मोकळी हालचाल बरोबर असूनही सुटतोय, तर मग प्लेटी आणि स्प्रिंग बघा.

रांगेत उभं असताना इंजिन बंद. ताशी तीन-चार किमीच्या चालीत इंजिनवर वाराच लागत नाही. तेल जेएएसओ एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचसाठीचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) चंच, कारचं नको, ओला क्लच घसरतो. स्पर्धेनंतर तेल बदला. काढलेलं तेल काळं आणि जळकट वासाचं असेल तर प्लेटींचा भुगा त्यात आलाय.

क्लचची केबल लिव्हरच्या गुंडीपाशी एकेक तार तुटत जाते. गुंडी बाहेर काढून बघा, एक जरी तार उभी राहिली असेल तर बदला. नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून टेपने बांधून ठेवली तर मैदानात तुटल्यावर पाच मिनिटांत काम होतं, टाकी काढावी लागत नाही.

लिव्हरचे क्लँप पूर्ण आवळू नका. खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि हाताने जोर लावला तर फिरेल इतकंच आवळा. गाडी पडली की लिव्हर फिरतं, मोडत नाही.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र. पुढचा एक दात कमी करा. १३ चा १२ केला की पहिला गिअर साधारण ८ टक्के हळू होतो, मागे तीन दात वाढवल्याएवढाच फरक, तोही कमी पैशात. पण चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर जास्त घासते, तिची जाडी बघा. चेनचा ढिलेपणा सीटवर माणूस दाबून बसवून तपासा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतो तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते, त्या क्षणी थोडी ढील राहिली पाहिजे.

किल स्विच. मनगटाला दोरी, गाडीवर चुंबकाचं टोपण, दोरी सुटली की इंजिन बंद. सगळ्यांना सक्तीचं करा, पडलेली गाडी गिअरमध्ये फिरत राहिली की बोटं जातात. फक्त दोन प्रकार असतात ते ओळखा. एक्सपल्सला दोरी सुटल्यावर सर्किट तोडणारा लागतो, कारण तिथे चालू करंट कापायचा आहे. बेटासारख्या बॅटरीविना चालणाऱ्या गाडीला सुटल्यावर वायर अर्थ करणारा लागतो. चुकीचा लावला तर गाडी सुरूच होत नाही किंवा बंदच होत नाही. सकाळी तपासणीत प्रत्येकाची दोरी ओढून बघा.

बेटावाल्यांसाठी. ऑइल मिक्स ६० ला १ ते ८० ला १, म्हणजे लिटरला सुमारे १७ ते साडेबारा मिली, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका आणि गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. चोकवरच चालते आणि चोक सोडला की मरते, तर पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं मंद चालीचं बारीक छिद्र) तुंबलाय. तार घालू नका, क्लीनर आणि हवेने साफ करा. रेडिएटरचा पंखा जागेवर पाच-सात मिनिटांत फिरायला लागला पाहिजे.

खाणीतली धूळ फार बारीक असते. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल चोळून बसवा. कागदी असेल तर धुऊ नका, नवा टाका.

---

जत_माळरान

ऑब्झर्वरबद्दल. प्रत्येक सेक्शनला दोन जण, म्हणजे १६ माणसं. एकाने फक्त पाय बघायचे, दुसऱ्याने फिती बघायच्या आणि कार्डावर टोचायचं. पेनने लिहू नका, घामाने पुसतं. तिकिटाचा पंच घ्या.

गुण असे: पाय टेकला नाही तर ०, एकदा १, दोनदा २, तीनदा किंवा जास्त कितीही वेळा ३. सेक्शन फसला तर ५. फसला म्हणजे गाडी पडली, फीत तोडली किंवा चुकीच्या बाणामधून गेला, गाडी मागे गेली, पाय टेकलेला असताना इंजिन बंद पडलं, किंवा बाहेरच्याने गाडीला हात लावला. कमीत कमी गुणांचा जिंकतो.

टेकणं म्हणजे फक्त पाय नाही. खांदा कातळाला टेकला, हँडल भिंतीला लावून तोल सावरला, तेही धरायचं. टायर, फूटरेस्ट आणि इंजिनखालची प्लेट टेकली तर चालतं. मोजणी पुढच्या चाकाचा ॲक्सल सुरुवातीच्या फाटकातून गेला की सुरू, शेवटच्या फाटकातून गेला की बंद. त्यानंतर मागचं चाक आत असताना पाय टेकला तर काही नाही. वाद इथेच होतात, म्हणून सकाळच्या बैठकीत एक गाडी ढकलत आणून दाखवा.

आणखी दोन गोष्टी आधीच जाहीर करा. एक, पाय उचलला नाही, जमिनीवर घासत नेला तर एक धरायचा की तीन. दोन, थांबणं चालेल की नाही. जड गाड्यांना न थांबण्याचा नियम सोपा पडतो, पुढची चाल थांबली की ५. पण क्षणभर थांबला की नाही अशी शंका आली तर फायदा रायडरला द्या, नाहीतर दिवसभर भांडणं. बरोबरी झाली तर ज्याचे शून्य जास्त तो वर, तेही सारखे असतील तर ज्याचे एक जास्त.

परवानगीचं: सातबारावर नाव कोणाचं ते बघा, भाऊबंदकी असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. खाणपट्टा अजून कोणाच्या नावावर आहे का तेही. ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्याची परवानगी लागेलच, लाउडस्पीकर असेल तर वेगळी. प्रवेश फी घेऊन खुली स्पर्धा करणार असाल तर एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेची) परवानगी आणि विमा यांचं आधी बघा. बेटाला नंबरप्लेट नसेल तर ती छोटा हत्तीतूनच आणायची. दोन सेक्शनच्या मध्ये सार्वजनिक रस्ता येऊ देऊ नका.

सराव म्हणून पोरं कासच्या किंवा दुसऱ्या कुठल्या सड्यावर (कातळी पठारावर) जाणार असतील तर आत्ताच थांबवा. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. कातळावरच्या दोन बोटं मातीत तिथली झाडं जगतात, एका चाकाने ती उखडली की पुन्हा धरायला वर्षं जातात. पाटणच्या पश्चिमेला व्याघ्र प्रकल्पाची हद्द सुरू होते, तिकडेही नाही.

ॲम्ब्युलन्स जागेवर उभी हवी, १०८ वर विसंबू नका. ती रुग्ण घेऊन निघाली की दुसरी येईपर्यंत स्पर्धा बंद. नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कराडपर्यंतचा वेळ त्या हिशोबाने धरा.

---

कराडचा_मुरूम

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतोय. एकच राहिलं: मध्येच एखादा दगड सरकला आणि सेक्शन बदलला तर आधी गेलेल्यांचे गुण कसे धरायचे?

---

कातळवाट

सेक्शन बंद करा, शिट्टी द्या, दगड होता तसा बसवता येतो का बघा. त्यासाठी सकाळीच प्रत्येक सेक्शनचे दोन बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि मोठ्या दगडांच्या बुडाला फक्कीची रेघ मारा, किती सरकला ते लगेच दिसतं. तसाच बसला तर गुण कायम, पुढे चालू. नाही बसला तर त्या फेरीतला तो सेक्शन सगळ्यांचा रद्द, आधी शून्य काढलेल्याचाही. पुढच्या फेरीपासून नवी आखणी सगळ्यांना सारखी, आणि ती पुन्हा चालत बघायला पाच मिनिटं द्या. हा निर्णय ऑब्झर्वरने घ्यायचा नाही. त्याने फक्त गाड्या थांबवायच्या, निर्णय एकट्या क्लार्क ऑफ द कोर्सचा, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्याचा, आणि त्या माणसाने त्या दिवशी स्वतः स्पर्धेत उतरायचं नाही.