मदत हवी आहे: पॉइंटर उभी, कॉकर सुसाट. दोघांना एकत्र कसं चालवावं?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी अमेरिकेत कॅन्ससला असतो. इथे परवाना काढून फेझंट (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) आणि बॉबव्हाइट लाव्यांची शिकार करता येते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो, ३१ जानेवारीला संपतो. माणशी दिवसाला ४ नर फेझंट आणि ८ लावे, त्यापुढे नाही. शिकार योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. इथे फक्त कुत्र्यांबद्दल बोलू, धाग्याचं काश्मीर नको.

माझ्याकडे राणी आहे, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, पाच वर्षांची. वारा तोंडावर घेऊन लांब लांब फिरते. वास लागला की जागीच थिजते, शेपूट ताठ, पुढचा एक पाय अधांतरी. यालाच पॉइंट म्हणतात. गळ्यातला जीपीएस पट्टा माझ्या हातातल्या यंत्रावर दाखवतो की बाई थांबल्या, मग मी चालत जातो, कधी दोनशे मीटर. इथवर सगळं उत्तम.

अडचण पुढे. इथले लावे जंगली प्लमच्या जाळ्यांत दडतात. आत माणूस शिरत नाही. बाहेरून लाथा मारायच्या तर बंदूक एका हातात, टोपी काट्यात, आणि थवा मागच्या बाजूने भुर्र. म्हणून यंदा चिकू आणला. वर्किंग कॉकर स्पॅनियल, दीड वर्षाचा, बारा किलोचा. (पुण्यात सोसायटीत दिसतो तो लांब कानांचा, झुलपांचा कॉकर डोळ्यांसमोर आणू नका. हा कामाच्या वंशावळीतला. केस बेताचे, आणि स्वस्थ बसणं ही त्याला शिक्षाच.) जाळीत असा घुसतो की नुसतं शेपटीचं टोक हलताना दिसतं.

कल्पना दक्षिण जॉर्जियातली. थॉमसव्हिलच्या आसपास लाव्यांच्या मोठ्या इस्टेटी आहेत, तिथे पॉइंटर पुढे सोडतात आणि कॉकर खेचरांच्या गाडीवर बसून येतो. पॉइंट लागला की त्याला खाली उतरवतात. तो पक्षी उठवतो, पडलेला आणून देतो, आणि पॉइंटर जागची हलत नाही. माझ्याकडे ना गाडी ना खेचर. मी एकटा, म्हणजे चिकूने माझ्या पायाशीच चालायला हवं.

एकटा असला की तो शहाणा असतो. एक शिट्टी मारली की खाली बसतो. पण राणी थांबली की यंत्राच्या आधी त्याला कळतं. मी अजून शंभर मीटर मागे, आणि हा गेलाच. थवा उडतो तो बंदुकीच्या टप्प्याबाहेर. त्याहून वाईट म्हणजे आता राणी बिघडायला लागलीय. मागून चिकूची चाहूल लागली की पॉइंट सोडून दोन-तीन पावलं पुढे सरकते. आपण शोधायचं आणि मजा दुसऱ्याने मारायची, हे तिला पटत नसावं. त्यात फेझंट असेल तर बघायलाच नको. तो लाव्यासारखा दबून बसत नाही, पायी पळ काढतो, आणि मग दोघांची शर्यत लागते.

चिकूला राणीच्या पॉइंटवर थोपवायचं कसं? राणीचं आधी दुरुस्त करू की चिकूचं? आणि पडलेला पक्षी कोणी आणायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सुटायला सांगताना मी दोघांनाही ‘ओके’ म्हणतो, तेही नोंदवून ठेवतो.

रानवारा: शेवटच्या ओळीत अर्धं उत्तर आहे. एकाच शब्दावर दोन कुत्री सुटणार असतील तर राणीने थांबावं का? चिकूला फक्त त्याच्या नावाने सोडा. राणीला तोंडाने सोडूच नका, जवळ जाऊन डोक्यावर थाप मारली की मोकळी. शिट्ट्याही वेगळ्या ठेवा. स्पॅनियलला बहुतेक जण ॲक्मे कंपनीची २१०½ नंबरची शिट्टी वापरतात, राणीला दुसऱ्या सुराची द्या.

दुरुस्ती राणीपासून करा. पक्षी उडाला, बार झाला, तरी तिने उभंच राहायचं. हे पक्कं होईपर्यंत दोघांना रानात एकत्र नेऊ नका. घरी रिमोटने उघडणाऱ्या पेटीत कबूतर ठेवा. राणी पॉइंटवर, चिकू दोरीवर आणि दोरी मित्राच्या हातात. चिकूने झेप घेतली की बार नाही, तोंडात पक्षी नाही, सरळ गाडीत. तो बसून राहिला तरच नाव घ्यायचं. कॉकर हट्टी असतात पण हिशेबाला पक्के, काय केलं की पक्षी मिळतो हे लवकर शिकतात.

धुकटवाट: मी स्कॉटलंडला असतो. इथे ग्राउज पक्ष्यांच्या माळावर (हंगाम १२ ऑगस्टपासून) पॉइंटर-सेटर हुकूम मिळाल्यावर स्वतःच पुढे सरकून पक्षी उठवतात. पडलेले उचलायला स्पॅनियल किंवा लॅब्रॅडॉर मागे असतो. उघड्या गवतात तुम्हीही तसंच करा, चिकूला फक्त जाळीसाठी राखून ठेवा. प्रत्येक पॉइंट आपलाच ही त्याची समजूत मोडेल. राणीच्या थेट पाठीमागून जाऊ नका. बाजूने लांबून वळसा घ्या, तिला तुम्ही दिसू द्या, आणि चिकूला तिच्या पुढून सोडा. पक्षी आणण्याचं काम चिकूचं, पण अधूनमधून एखादा राणीलाही द्या, नाहीतर रुसेल.

रानवारा: वळशाला +१. आणि एक राहिलं. कॉकर उडत्या लाव्यामागे उडी मारतो. पक्ष्याच्या मागे आकाश दिसत नसेल तर बार काढायचा नाही, मग थवा केवढाही असो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. ‘ओके’ आजपासून बंद. कबुतराची पेटी इथल्या एका शेजाऱ्याकडे आहे, मागून घेतो. एक शंका राहिली. पळणाऱ्या फेझंटवर राणी पॉइंट सोडून पुढे सरकते तेव्हा तिचं बरोबरच असतं, पक्षी खरंच हललेला असतो. ते सरकणं आणि चिकूमुळे सरकणं, लांबून वेगळं ओळखायचं कसं?

रानवारा: चिकूला गाडीत ठेवून एक अख्खी सकाळ फक्त तिच्यामागे चाला. पक्ष्यामागे सरकताना नाक खाली आणि मान पुढे असते. चिकूमुळे सरकली तर आधी कान मागे वळतात.