'फाइन' म्हणजे नक्की काय? तुमचे किस्से सांगा

काल मुलीचा मेसेज आला, 'फाइन.' बस, एवढंच. पुढे पूर्णविराम. हो म्हणाली, रागावली की विषय संपवला? अर्धा तास त्या टिंबाकडे बघत बसले. या शब्दाने तुमचीही फजिती केली असेल तर लिहा.

---

नोकरीत नवा होतो. परदेशी पाहुण्यांना विचारलं, आणखी कॉफी? 'आय ॲम फाइन.' मला वाटलं, तब्येत सांगताहेत. 'व्हेरी गुड' म्हणत कप काठोकाठ भरला. बिचाऱ्यांनी मुकाट्याने प्यायली. पुढच्या खेपेला त्यांनी कपावर हात आडवा धरला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. तो 'नको' होता!

---

आमच्याकडे 'बरी आहेस ना?'ला 'आय ॲम फाइन' आलं की दोन दिवस जपून राहायचं.

---

पियानो शिकत होतो. एका गतीच्या मधल्या ओळीवर 'फीने' छापलेलं, स्पेलिंग हुबेहूब फाइनचं. मी समजलो, इथवर छान वाजवलंस अशी शाबासकी आहे. मग दरवेळी दुप्पट जोमाने पुढे. शेवटी बाईंनी माझी बोटं धरली. "अरे, खाली 'डी. सी. अल फीने' लिहिलंय ना? पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं आणि इथे थांबायचं. इटालियनमध्ये फीने म्हणजे समाप्त!"

---

वरच्या किस्स्यातल्या बाईंनी नकळत मूळच सांगितलं की! इंग्रजी फाइनसुद्धा लॅटिन 'फीनिस', म्हणजे शेवट, यावरूनच फ्रेंचमार्गे आला. तडीस नेलेलं काम ते उत्तम, म्हणून फाइन. त्यातूनच पुढे बारीक, तलम हे अर्थ निघाले. आणि दंड? पैसे भरून वाद मिटवायचा, म्हणजे तिथे वादाचा शेवट. फायनल, फिनिश, एवढंच काय, फायनान्ससुद्धा याच घरातलं. (दंड भरताना हे आठवून काडीचंही समाधान मिळत नाही, स्वानुभव.)

---

कॉलेजच्या सामन्यात मी फाइन लेगला. कर्णधार ओरडला, "फायनर, फायनर!" कौतुक समजून मी हात हलवला. पुढचाच चेंडू कीपर आणि माझ्या मधून सीमापार. 'फायनर' म्हणजे कीपरच्या पाठीमागच्या बाजूला सरक, हे नंतर शिव्यांसकट समजलं.

---

मानेवर गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "फाइन नीडल करून घेऊ." माझ्या कानांनी 'फाइन' तेवढं टिपलं आणि मी हुश्श केलं. सुई खरोखरच बारीक होती म्हणा. गाठही साधी निघाली.

---

धागाकर्ती: शेवटी मुलीला विचारलंच. म्हणाली, "अगं, घाईत दोनदा स्पेस दाबली गेली, फोनने टिंब टाकलं." मी लिहिलं, 'फाइन'. टिंब मुद्दाम टाळलं.

लगेच उत्तर: 'आई, चिडलीस का?'