मदत हवी आहे: साडेअकराला हॅम रेडिओचा अख्खा बँड मेला. सौरज्वालेतलं नेमकं कोणतं रेडिएशन?

बिनतारी_बंड्या: काल साडेअकराच्या नेटला (हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या ठरलेल्या गप्पा) बोलता बोलता सगळे गायब. स्टेशनं सोडा, खरखरसुद्धा नाही. गच्चीवर जाऊन केबलचे कनेक्टर सोडले, परत बसवले, गुडघा सोलून घेतला. अर्ध्या तासाने आपोआप सुरू! ग्रुपवर एक म्हणतो प्रोटॉन, दुसरा म्हणतो चुंबकीय वादळ, तिसरा म्हणतो बालून (अँटेना आणि केबल जोडणारी डबी) गेला. ज्वालेतून काय काय निघतं आणि त्यातलं मला नडलं कोण? लवकर सांगा, नवा बालून मागवायचाय.

चिवडा: साडेअकरा सकाळचे की रात्रीचे? बँड कोणता?

गच्चीवरचा_काका: बालूनच. माझ्यात मुंग्यांनी घर केलं होतं. एपॉक्सी भरा, विषय संपला.

बिनतारी_बंड्या: सकाळचे. रविवारचं नेट सकाळीच असतं की! ४० मीटर लहरीचा बँड.

दुर्बीणवाली: मग क्ष-किरण. ज्वालेतून रेडिओ लहरी, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण सगळं निघतं, मोठ्या ज्वालेत गॅमासुद्धा. सगळं प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत इथे. क्ष-किरण ६० ते ९० किमीवरच्या, वातावरणातल्या डी थरात इलेक्ट्रॉन वाढवतात आणि तुमची लहर तिथेच जिरते. म्हणून खरखरही गेली. रात्रीच्या बाजूला हे होत नाही. प्रोटॉनचा त्रास मुख्यतः ध्रुवांकडे. चुंबकीय वादळ आणणारा, सूर्यातून सुटलेल्या भारित कणांचा ढग पोचायला बहुधा एक ते तीन दिवस.

जुना_सेट: रेडिओ लहरींना विसरू नका. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडार ठप्प झाले, आधी शत्रूचा जॅमर वाटला. निघाला सूर्य!

दुर्बीणवाली: तो गोंगाट होता हो. यांच्याकडे शांतता आहे.

सुगरण७२: व्हॉट्सअॅपवर आलंय, रात्री मोबाईल लांब ठेवा, किरणं येणार. खरं का? सून गरोदर आहे.

चिवडा: ताई, रात्री सूर्य कुठे असतो? आणि ज्वालेचे क्ष-किरण वातावरणात वरच अडतात. निर्धास्त झोपा.

झेंडा_उंच: आपल्या आदित्य-एल१ या सूर्य बघणाऱ्या यानावर दोन उपकरणं हेच क्ष-किरण मोजतात, सोलेक्स आणि हेल१ओएस. अतिनील टिपणारं ‘सूट’ नावाचं उपकरण तर आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचं!

चिवडा: अभिमान आहे, पण बंड्याचं काय? बंड्या, एसडब्ल्यूआर (अँटेनात बिघाड असला की वाढणारा आकडा) किती होता? आणि आधी कोणता बँड परत आला?

बिनतारी_बंड्या: १.४, नेहमीसारखाच. १५ मीटर आधी, ४० सगळ्यात शेवटी. हे लिहायचं राहिलं.

दुर्बीणवाली: तेच तर आधी सांगायचं! कमी फ्रिक्वेन्सी, म्हणजे ४० मीटरसारखी लांब लहर, जास्त जिरते, म्हणून वरचे बँड आधी सुटतात. कालचा क्ष-किरणांचा आलेख बघा, एम किंवा एक्स वर्गाचा, म्हणजे जोरदार ज्वालेचा, सुळका सापडेल. एक्स म्हणजे एमच्या दहापट.

गच्चीवरचा_काका: आलेख बघा नाहीतर पंचांग बघा. बालून उघडा.

बिनतारी_बंड्या: सुळका सापडला, वेळही जुळली. बालूनची ऑर्डर रद्द.

बिनतारी_बंड्या: काका, सहज उघडून बघितला. मुंग्या आहेत. एपॉक्सी कुठलं?